आधी दांडी, मग मूठ: पिकअपच्या गिअर लिव्हरवर घडवून घेतलेली मूठ बसवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे हाताने गिअर बदलण्याची, पाच गिअरची आणि फोर-व्हील ड्राइव्हचा वेगळा लिव्हर असलेली पिकअप आहे. आपण लेथवर काम करणाऱ्या एका कारागिराकडून लाकडी मूठ करून घेतली असून तिच्या पोटात पितळेचे बुश, म्हणजे आतून आटे असलेली नळी, आहे. ही मूठ दांडीवर सुमारे दोन फेऱ्या सहज फिरते आणि मग अडकते. कोणीतरी तेल टाकून पक्कडीने फिरवण्याचा सल्ला दिला आणि आपण तो थोडाफार अमलातही आणला. त्याआधी बाजूने तीन छोटे स्क्रू असलेली एक तयार मूठ आपण लावली होती. ती आठवडाभरात सैल होऊन दांडीभोवती फिरू लागली. आता दांडीवरच नवे आटे पाडून घ्यावेत काय, असे आपण विचारले आहे.

दांडीला हात लावू नये, हे माझे पहिले उत्तर आहे. मूठ चुकली तर दुसरी करता येते, तिच्यातले बुश बदलता येते, प्रसंगी ती फडताळात शोभेची वस्तू म्हणूनही ठेवता येते. दांडी मात्र गिअरबॉक्सचा भाग आहे आणि तिचे आटे एकदा बिघडले की मूळची मूठसुद्धा परत बसत नाही. म्हणून या कामात जो काही बदल करायचा तो मुठीत करावा, दांडीत नव्हे. माझ्याकडे ज्या दांड्या दुरुस्तीला आल्या, त्यांतल्या बऱ्याचशा मूळच्या बिघाडाने नव्हे, तर न बसणारी मूठ बसवण्याच्या हट्टाने खराब झालेल्या होत्या.

दोन फेऱ्यांनंतर अडकणे हे लक्षण बोलके आहे. व्यासच वेगळा असता, तर मूठ आट्यांवर चढलीच नसती किंवा खुळखुळत राहिली असती. सुरुवात नीट होऊन पुढे अडकते, याचा अर्थ बहुधा व्यास जुळतो आणि पिच, म्हणजे एका आट्याच्या शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर, जुळत नाही. दहा मिलिमीटर व्यासाचे आटे दोन पिचमध्ये सर्रास आढळतात: १.५ मिलिमीटर आणि १.२५ मिलिमीटर. साध्या नटबोल्टांत १.५ चा पिच रूढ असल्याने कारागिराच्या पेटीत १० मिलिमीटरचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडण्याचे हत्यार, असतो तो बहुधा १.५ चाच. याउलट निसान आणि माझदा यांच्या बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांडीवर १० मिलिमीटरला १.२५ चा पिच असतो, तर टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत १२ मिलिमीटरला १.२५. जुन्या अमेरिकी पिकअपांत इंचाच्या मापाचे, तीन अष्टमांश इंचाला एका इंचात १६ आटे असलेले काम भेटते. कंपनीच्या नावावरून अंदाज करावा, पण त्यावर विसंबून टॅप चालवू नये. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत माप बदललेले मी पाहिले आहे, आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाने दांडी बदललेली असेल, तर पुस्तकातले माप कामाचे राहत नाही.

मोजणे अवघड नाही. व्हर्नियरने आट्यांच्या शिखरांवरून व्यास घ्यावा. १० मिलिमीटरच्या आट्यांवर तो ९.८ च्या आसपास भरतो, कारण शिखरे नाममात्र मापापेक्षा किंचित बुटकी ठेवलेली असतात. तीन अष्टमांश इंच म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, त्यामुळे तिथे वाचन साधारण ९.४ येते. हा फरक छोटा दिसतो, पण फसवणूक इथेच होते: १० मिलिमीटरला १.५ चा नट तीन अष्टमांश इंचाच्या दांडीवर ढिला ढिला चढतो, काही फेऱ्या खुशाल फिरतो आणि मग पिचमधला फरक साठत जाऊन धरतो. एका इंचात १६ आटे म्हणजे पिच जवळजवळ १.५९ मिलिमीटर, आणि १.५ पासून तो डोळ्यांनी ओळखू येत नाही. पिच गेज असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आटे स्वच्छ पुसून कागदाची अरुंद पट्टी दांडीच्या लांबीला धरून अंगठ्याने घट्ट दाबावी. कागदावर आट्यांच्या बारीक समांतर रेषा उमटतात. पहिल्या रेषेपासून अकराव्या रेषेपर्यंतचे, म्हणजे दहा पिचचे, अंतर पट्टीने मोजावे. १२.५ मिलिमीटर भरले तर पिच १.२५, १५ भरले तर १.५, १६ ला किंचित कमी भरले तर इंचाचे आटे. आपल्या वर्णनावरून आपल्याकडे १२.५ येईल, असा माझा कयास आहे. खातरजमा म्हणून त्या मापाचा नवा नट दांडीवर केवळ बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहावा. बोटांनी जात नसेल तर माप चुकले आहे किंवा आटे दुखावले आहेत. पाना घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

आपण पक्कडीने जोर लावला असल्याने वरचे दोन-तीन आटे चेपले असण्याची शक्यता आहे. स्टीलच्या दांडीपुढे पितळ मऊ असल्याने मार बहुतेक बुशनेच खाल्ला असेल, हे आपले सुदैव. आट्यांत पितळेची पिवळी कीस अडकली असेल, तर ती तारेच्या ब्रशने आणि टोकदार सुईने काढावी. शिखरे खरोखरच वाकली असतील, तर योग्य पिचचा डाय, म्हणजे दांडीवर बाहेरून आटे पाडणारे हत्यार, हलक्या हाताने वरून फिरवून ती सरळ करून घेता येतात. इथे डायचे काम नवे आटे पाडण्याचे नसून जुन्यांना वळण लावण्याचे आहे, त्यामुळे पहिली अर्धी फेरी तो जुन्याच खाचांतून जातो की नाही, हे बोटांना जाणवले पाहिजे. शंका आली की थांबावे. हे करण्यापूर्वी दांडीच्या बुडाशी जुने फडके गुंडाळावे. बूट, म्हणजे दांडीच्या बुडाभोवतीचे आवरण, काढलेला असताना खाली पडलेला धातूचा कीस गिअरबॉक्सच्या तोंडापाशी जाऊन बसतो, आणि तिथून तो आत गेला तर त्याचा हिशेब बेअरिंगांना द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जी मी स्वतः चुकून शिकलो. पुष्कळ पिकअपांच्या दांडीत वरचा आणि खालचा भाग वेगळे असून त्यांच्यामध्ये रबर असते. इंजिनाची थरथर हातापर्यंत येऊ नये म्हणून ती योजना असते. हे रबर पुढे-मागे आणि आडवे ताण सोसते, पण पिळ सोसत नाही. उमेदवारीच्या काळात एका गाडीची गंजून बसलेली मूठ काढताना मी दांडी न धरता दोन्ही हातांनी नुसती मूठ पिळली. मूठ सुटली असे वाटले. प्रत्यक्षात आतले रबर सुटले होते आणि मूठ दांडीच्या वरच्या भागासकट गोल फिरत होती. एका मुठीपायी त्या गाडीला नवी दांडी घालावी लागली. त्यानंतर आजवर मूठ काढताना किंवा बसवताना मी दांडी मुठीच्या लगेच खाली, आट्यांपासून दूर, कातड्याचा तुकडा गुंडाळून व्हाइस ग्रिपने (आवळून राहणाऱ्या पक्कडीने) धरल्याशिवाय पिळ दिलेला नाही. एकाने दांडी धरावी आणि दुसऱ्याने मूठ फिरवावी, म्हणजे पिळ रबरापर्यंत पोहोचतच नाही. मूळची मूठ चिकटून बसली असेल, तर केस वाळवण्याच्या यंत्राने पाच-सात मिनिटे गरम करावी आणि मग फिरवावी. काही गाड्यांत मूठ आट्यांची नसून नुसती दाबून बसवलेली असते आणि ती वर ओढून काढायची असते. ती ओढताना तोंड दांडीच्या रेषेत ठेवू नये. हा सल्ला विनोदी वाटतो खरा, पण अचानक सुटलेल्या मुठीने फुटलेला ओठ मी पाहिला आहे.

आता बुशकडे येऊ. १.५ च्या आट्यांतूनच १.२५ चा टॅप फिरवून भागेल, असे वाटणे साहजिक आहे, पण तसे केल्यास दोन्ही आटे एकमेकांना कापतात आणि शिल्लक राहते ती भुसभुशीत, धार नसलेली पोकळी. बुश काढून नवे घालावे. कारागिराला सांगताना नुसते दहाचे बुश असे न म्हणता १० मिलिमीटर व्यास, १.२५ पिच आणि आट्यांची खोली २५ मिलिमीटर, असे लिहून द्यावे. या आट्यांसाठी भोक ८.८ मिलिमीटरचे हवे; १.५ च्या पिचसाठी ते ८.५ असते, आणि सवयीने ८.५ चे भोक पाडले तर बारीक पिचचा टॅप जड जातो किंवा मोडतो. बुशच्या बाहेरच्या अंगाला गुळगुळीत ठेवू नये. त्यावर नर्लिंग करावे, म्हणजे खरखरीत जाळी उठवावी, निदान दोन-तीन आडव्या खाचा आणि दोन उभ्या खाचा पाडाव्यात: आडव्या खाचांमुळे बुश वर उपसून येत नाही आणि उभ्या खाचांमुळे ते लाकडात गरगर फिरत नाही. १६ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे बुश असेल तर लाकडातले भोक दोन-तीन दशांश मिलिमीटर मोठे ठेवून मंद गतीने घट्ट होणारा दोन भागांचा इपॉक्सी वापरावा. झटपट पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी इथे नको. तो उन्हात तापलेल्या केबिनमध्ये लवकर नरमतो. मी स्वतः बुश बसल्यावर त्याच्या आरपार, आट्यांना न भेदता, कडेने एक ३ मिलिमीटरची पितळी खीळही मारतो, कारण गोंद कधी सुटेल ते आपल्या हातात नसते.

लाकूड घट्ट आणि पुरते वाळलेले असावे, आणि त्याचे तंतू दांडीच्या रेषेत उभे असावेत. तंतू आडवे असतील तर बुशभोवती तडा जाण्याची वाट ते स्वतःच करून देतात. भोक सरळ असणे हे सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते हातातल्या ड्रिलने साधत नाही. भोक दोनच अंश कलले, तरी ६० मिलिमीटर उंचीच्या मुठीचा माथा २ मिलिमीटर बाजूला सरकतो, आणि बसवताना ती मूठ दांडीवर डुलत फिरते. एकदा ते दिसले की पुढे रोज दिसत राहते. म्हणून भोक आधी लेथवर पाडावे आणि मग त्याच भोकाला आधार धरून बाहेरचा आकार काढावा. उलट क्रमाने केलेली मूठ क्वचितच सरळ बसते. धातूची मूठ असेल तर लाकडाच्या या साऱ्या चिंता मिटतात, मात्र उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तिला हात लावणे कठीण होते आणि थंडीत हात गारठतो. अॅक्रिलिक किंवा तत्सम प्लॅस्टिकची मूठ दिसायला सुंदर असते, पण तिच्यात थेट आटे पाडणे मला पसंत नाही. तिथेही धातूचे बुश हवेच.

तीन स्क्रूंच्या तयार मुठीचे काय झाले, तेही सांगतो. तशी रचना मुळात आटे नसलेल्या, गुळगुळीत दांडीसाठी असते. आपल्या दांडीवर ते स्क्रू आट्यांच्या शिखरांवर टेकले. शिखर म्हणजे पात्याची धार. तिच्यावर स्क्रूला बैठक मिळत नाही, थोड्या हेलकाव्यांत शिखर चेपते, स्क्रू सैल होतो आणि मूठ फिरू लागते. शिवाय चेपलेली शिखरे पुढच्या आटेदार मुठीच्या वाटेत येतात, म्हणून वर सांगितलेली सफाई करताना त्या तीन जागा आवर्जून पाहाव्यात. गुळगुळीत दांडी असलेल्या वाचकांनी मात्र अशी मूठ खुशाल वापरावी. फक्त स्क्रू जिथे टेकणार तिथे दांडीवर ड्रिलच्या टोकाने उथळ खळगे करून घ्यावेत, म्हणजे स्क्रू नुसत्या घर्षणावर न राहता खळग्यात अडकून बसतो.

बसवण्याच्या कामात सारी मदार चेकनटवर, म्हणजे मुठीखाली आवळून तिला जागीच धरणाऱ्या नटावर, आहे, मुठीच्या आवळण्यावर नाही. लोक मूठ शेवटपर्यंत फिरवतात, दांडीचे टोक भोकाच्या तळाला टेकते, हाताला घट्ट वाटते आणि काम झाले असे समजतात. प्रत्यक्षात ती एका टोकावर रुतलेली असते. चार दिवसांत टोकाखालचे लाकूड दबते आणि मूठ सैल होते, किंवा आणखी आवळल्यास माथ्याला आतून तडा जातो. म्हणून बुशमधले भोक दांडीवरच्या आट्यांच्या लांबीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर अधिक खोल असावे आणि टोक तळाला टेकूच नये. क्रम असा ठेवावा: दांडीवर आधी चेकनट चढवून तो आट्यांच्या तळापर्यंत खाली न्यावा, मग मूठ हाताने फिरवत पुरेशी खाली आणावी, गिअरची आकृती समोर येईल अशी ती वळवावी, आणि शेवटी मूठ हाताने स्थिर धरून चेकनट पान्याने वर आणून बुशच्या बुडाशी आवळावा. आवळताना पान्याखाली दांडीही धरलेली असावी. रबराची गोष्ट इथेही लागू आहे. नट लाकडाला नव्हे, बुशच्या धातूला टेकला पाहिजे, म्हणून बुशचे बूड लाकडाच्या पातळीत किंवा अगदी किंचित पुढे ठेवावे.

किती आटे धरले पाहिजेत, याचा अंदाज आधीच करावा. स्टीलमध्ये आट्यांच्या व्यासाइतकी पकड पुरते. पितळेत मी व्यासाच्या दीडपट धरतो आणि अॅल्युमिनियमात दुप्पट. दहाच्या आट्यांना पितळी बुशमध्ये १५ मिलिमीटर, म्हणजे १.२५ च्या पिचने १२ पूर्ण फेऱ्या. समजा, आपल्या दांडीवर आट्यांची एकूण लांबी २० मिलिमीटर आहे. नेहमीचा नट सुमारे ८ मिलिमीटर जाड असतो. तो लावल्यास मुठीला १२ च उरतात. म्हणून चेकनटसाठी ५ मिलिमीटर जाडीचा पातळ नट मिळतो तोच घ्यावा, त्याने नेमके १५ उरतात. आकृती समोर आणण्यासाठी मूठ मागे वळवावी लागली, तरी ती एका फेरीपेक्षा कमीच वळवावी लागते, म्हणजे फार तर सव्वा मिलिमीटर कमी होते आणि तेवढे चालते.

आटे सैल होऊ नयेत म्हणून त्यांवर लावण्याच्या द्रवाबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे की चेकनट नीट आवळला असेल तर त्याची गरज पडू नये. तरीही लावायचा असेल, तर हाताच्या अवजारांनी सुटणारा मध्यम ताकदीचा, जो बहुधा निळ्या रंगात येतो, तोच लावावा, आणि तोही फक्त नटाच्या वाट्याच्या आट्यांवर एक थेंब. तांबडा कायमस्वरूपी प्रकार सोडवण्यासाठी सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. तेवढ्या उष्णतेपुढे लाकूड, इपॉक्सी आणि दांडीतले रबर यांपैकी काहीही टिकणार नाही. हा द्रव हवा बंद झाल्यावर धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो, म्हणून प्लॅस्टिकच्या आट्यांत तो नीट धरत नाही, उलट काही पारदर्शक प्लॅस्टिकांना त्याने बारीक तडे जातात. लावण्यापूर्वी आटे तेलापासून पूर्ण मोकळे करावेत (आपण टाकलेले तेल इथे आडवे येईल) आणि लावल्यानंतर पुरती ताकद येण्यास २४ तास द्यावेत. नळकामाची पांढरी टेप गुंडाळून सैल मूठ घट्ट करण्याची युक्ती काही दिवस चालते, पण तिने चुकीचे माप झाकले जाते, दुरुस्त होत नाही.

मूठ किती उंच आणि किती जड असावी, याकडे लोक केवळ रूप म्हणून पाहतात, वास्तविक इथे तरफेचा हिशेब आहे. दांडीच्या टेकूपासून मुठीच्या मध्यापर्यंत ४०० मिलिमीटर अंतर असेल आणि नव्या मुठीने ते ४० मिलिमीटरने वाढले, तर गिअर टाकायला लागणारा जोर सुमारे एक दशांशाने कमी होतो आणि हाताचा प्रवास तेवढाच वाढतो. पिकअपमध्ये दांडी बहुधा आधीच लांब असते, त्यामुळे आणखी उंच मूठ लावल्यास पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या गिअरला बोटांची पेरे डॅशबोर्डला लागतात आणि दुसऱ्या-चौथ्याला मूठ सीटच्या कडेला किंवा मांडीला येते. वजनाचे दोन्ही अंगांनी आहे. थोडी जड मूठ हाताला सुखद वाटते, कारण एकदा हललेली दांडी स्वतःच्या जोमाने सिंक्रोच्या (गिअरांचे वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या) अडथळ्यातून पार जाते. पण गिअरबॉक्समध्ये गिअर जागेवर धरून ठेवणारे स्प्रिंग आणि गोळी यांची झीज झाली असेल, तर खराब रस्त्यावर तेच वजन दांडीला हिसका देऊन गिअर सुटण्यास हातभार लावते. आपली गाडी जुनी असेल, तर नव्या मुठीनंतर एका उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून पाहावे. दांडी न्यूट्रलकडे उडी मारत असेल, तर दोष मुठीचा नाही, तिने तो उघडा पाडला एवढेच. तरीही गिअरबॉक्सचे काम होईपर्यंत हलकी मूठ लावणे शहाणपणाचे. लाकडी मुठीला हा धोका जवळजवळ नाही, पितळेच्या भरीव गोळ्याला आहे.

मुठीचा आकार गोलाईचा असावा. टोकदार शिंगे, खंजिराची मूठ, कवटीचे दात, असले प्रकार मागणीनुसार मीही पूर्वी केले आहेत. आता करत नाही. अचानक ब्रेक लागला की ती वस्तू मधल्या सीटवरच्या माणसाच्या गुडघ्याच्या किंवा पुढे वाकलेल्या छातीच्या रेषेत असते.

गिअरची आकृती मुठीवर कोरून घ्यावी. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०२ नुसार गिअरच्या जागा चालकाला सतत दिसतील अशा दाखवलेल्या असणे आवश्यक आहे आणि यातून सूट आहे ती फक्त ठरावीक आकृतीच्या तीन पुढच्या गिअरांच्या गाडीला. नियम काहीही असो, कारण साधे आहे: आपली गाडी कधीतरी दुसरे कोणी चालवणार, आणि रिव्हर्स डावीकडे वर आहे की उजवीकडे खाली, हे त्याला वाहतुकीच्या मधोमध शोधावे लागू नये. मुठीखाली रिव्हर्ससाठी वर उचलण्याची कडी असेल, तर ती वगळून मूठ बसवू नये. कडी पूर्ण उचलली जाते आणि सोडल्यावर आपोआप खाली येते, हे पाहूनच चेकनटची जागा ठरवावी.

फोर-व्हीलच्या लिव्हरला जोडीची हुबेहूब तशीच मूठ करण्याचा मोह टाळावा. एक तर त्या दांडीचे आटे मुख्य दांडीपेक्षा वेगळे असू शकतात, म्हणून तिचे माप स्वतंत्र घ्यावे. दुसरे, न पाहता हात पडला तरी कोणती दांडी हातात आली, हे बोटांना कळले पाहिजे. तेच लाकूड वापरून तिची मूठ लहान आणि चपटी केली तर जोड साधते आणि घोटाळाही होत नाही. दोन्ही दांड्या प्रत्येक जागेवर नेऊन त्यांच्या मुठींमध्ये निदान दोन बोटे जागा उरते, याची खात्री करावी.

ऑटोमॅटिक गाडी असलेल्यांना वरचे बहुतेक लागू नाही. तिथल्या मुठीत बटण, त्याखाली दांडीतून जाणारी सळी आणि कधी विजेच्या तारा असतात. ते बटण गाडी पार्कमधून निसटू नये म्हणून असते. त्या गाडीसाठी खास बनवलेली मूठ मिळत नसेल, तर घरगुती प्रयोग करू नये.

सर्व जोडणीनंतर बूट परत बसवताना खालचा जाड रबरी बूट विसरू नये. वरचा चामड्याचा बूट दिसण्यासाठी असतो. गिअरबॉक्सची उष्णता, धूळ, पाणी, आवाज आणि खालून येणारा धूर अडवतो तो आतला. मग चाकांना ओट लावून, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, नेहमीच्या जागी सीट ठेवून आणि पट्टा लावून प्रत्येक गिअर टाकून पाहावा. पट्टा लावायचा तो यासाठी की त्याने खांदा धरला की हाताची पोच बदलते, आणि मोकळ्या बसण्याने जुळवलेली मूठ रस्त्यावर दूर वाटते. गाडी चालवताना नव्या मुठीवर हात ठेवून देण्याची इच्छा होईल, हे मी अनुभवाने जाणतो. पण हाताचा तो भार दांडीतून गिअरबॉक्समधल्या फोर्कवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्यावर, पोहोचतो आणि तो ज्या कड्याला सरकवतो त्या फिरत्या स्लीव्हला घासून फोर्क झिजत राहतो. गिअर टाकला की हात स्टिअरिंगवर आणावा.

शेवटी, चेकनटची एक बाजू, बुशचे बूड आणि दांडी यांवरून रंगाची एक सरळ, बारीक रेष ओढून ठेवावी. नवे काम पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरांत थोडे बसते, त्यामुळे तेवढ्या प्रवासानंतर आणि पुढे गाडी धुताना बूट खाली सारून ती रेष पाहावी. रेष सरकलेली दिसली तर नट आहे तिथेच आणखी आवळू नये. तो सोडून, आटे पुसून, आत पितळेची कीस तर आलेली नाही ना हे पाहून, मग पुन्हा आवळावा. कीस आली असेल तर बुशचे आटे सुटू लागले आहेत, आणि मूठ पुन्हा कारागिराकडे गेली पाहिजे. तोवर लावायला मूळची मूठ जपून ठेवलेली असावी.